आबांसाठी सुमो : मळ्यातल्या घरावर आठ फुटी डिश, नोंदी

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

आबा परवा पुण्याहून घरी आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ताईकडे गेले होते, डोळ्यात थेंब घालत घालत तिथंच तीन आठवडे राहिले आणि नेमकी त्याच दिवसांत जपानात सुमोची जानेवारीची स्पर्धा चालू होती, १४ ते २८ तारीख. ताईच्या टीव्हीवर इंटरनेटवरून एनएचके वर्ल्ड हे जपानी चॅनल लागतं. भाच्यानं एकदा लावून दिलं आणि मग आबा रोज बघायला लागले.

आबा १९७१ ते ७५ कोल्हापूरला गंगावेश तालमीत होते. गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली, शेती धरली. आता ७१ वय आहे पण गावात कुठंही मैदान असलं की पहिल्या रांगेत बसायला लागतं त्यांना. मॅटवरची पॉइंटांची कुस्ती त्यांना कधी फार रुचली नाही, सुमोत मात्र प्रत्येक लढत निकाली, एकतर गडी वर्तुळाच्या बाहेर जाणार नाहीतर तळव्याशिवाय अंगाचा कुठला तरी भाग मातीला टेकणार, मधलं काही नाही. वजनाचे गट नाहीत. आणि खाली माती. शिवाय जानेवारीची स्पर्धा जिंकली ती तेरुनोफुजीनं, गुडघ्यांमुळं जो एकेकाळी सगळ्यात वरच्या गटातून पार खालून दुसऱ्या गटात जाऊन पडला होता आणि तिथून चढत चढत २०२१ मध्ये योकोझुना, म्हणजे सुमोतल्या सगळ्यात वरच्या मानाचा पैलवान, झाला तो. हे भाच्यानं त्यांना वाचून दाखवलं होतं. रात्री जेवताना आबा मला म्हणाले, "गुडघं गेल्यावर बी गडी परत येतो, बग. आपल्याकडं दिसल का रं त्ये?"

पुढची स्पर्धा १० मार्चला ओसाकात सुरू होते. पाच आठवडे आहेत. दिसेल म्हटलंय.

मोबाईलवर का नाही, हे तीन जणांनी विचारून झालं म्हणून लिहून ठेवतो. आबांकडं बटणांचा फोन आहे, माझा फोन दिवसभर माझ्यासोबत इस्लामपूरला दुकानात असतो, आणि मळ्यात अजून फायबर आलेलं नाही. आबांना रिमोट येतो, टीव्ही येतो. आणि खरं सांगायचं तर सातवीत असताना केबलवाल्या काकांच्या गच्चीवरची डिश बघितल्यापासून मला हे एकदा स्वतःच्या हातानं करायचंच होतं.

६ फेब्रुवारी

आज नुसती आकडेमोड. घरावर जी छोटी डीटीएचची डिश असते ती केयू बँडची, आमच्या डिशवर हे चॅनल येत नाही. एनएचके वर्ल्ड सी बँडवर फुकट, म्हणजे लॉक नसलेलं येतं, इंटेलसॅट २० या उपग्रहावरून, जागा ६८.५ अंश पूर्व. हा उपग्रह २०१२ च्या ऑगस्टमध्ये सोडलेला. विषुववृत्ताच्या बरोबर वर ३५,७८६ किलोमीटरवर पृथ्वीच्या वेगानंच फिरतो त्यामुळं आपल्याला एका जागी उभा असल्यासारखा वाटतो.

सी बँड म्हणजे साधारण ३,७०० ते ४,२०० मेगाहर्ट्झ, लाट साडेसात सेंटीमीटर लांब. लाट मोठी आणि वरून येणारी ताकद कमी, म्हणून डिश मोठी लागते. आपल्याकडं सहा फुटीवरसुद्धा काही जण घेतात पण मला काठावरचं काम नको होतं, आठ फुटी बघायची ठरवली.

आमचा मळा साधारण १७.०५ उत्तर, ७४.२५ पूर्व. गणित तीनदा केलं. दिशा १९९ अंश, म्हणजे बरोबर दक्षिणेपासून पश्चिमेकडं १९ अंश. उंची ६९ अंश. म्हणजे डिश जवळजवळ आभाळाकडं तोंड करून बसणार, धान्य वाळवायला ठेवलेल्या परातीसारखी, फक्त २१ अंश कललेली. याचा फायदा असा की समोरच्या नारळाचा किंवा शेजारच्या स्लॅबचा काही अडथळाच नाही. एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडासमोर बसणारा सिग्नल पकडणारा डबा, १८ अंश तिरका फिरवायचा कारण उपग्रह आपल्या नेमका दक्षिणेला नाही, बाजूला आहे, त्यामुळं त्याची उभी लाट आपल्याला तिरकी दिसते.

८ फेब्रुवारी

डिश मिळाली! त्याच केबलवाल्या काकांकडं. डिजिटल केबल आलं, २०१७ पर्यंत खेड्यापाड्यातली ॲनालॉग केबल सगळी बंद झाली, तेव्हापासून त्यांच्या चार डिश गोठ्यामागं उताण्या पडल्यात, एकीत कोंबड्या. जाळीची, ॲल्युमिनियमची, आठ फुटी, चार पाकळ्यांची एक निवडली. काका भंगाराच्या भावानं द्यायला तयार होते, मी १८०० दिले. स्टँड गंजून गेला होता तो तिथंच ठेवला.

काका म्हणाले ही डिश १९९३ सालची, हिच्यावर आम्ही १०५.५ अंश लावायचो. १०५.५ म्हणजे एशियासॅट १, ज्यावरून १९९१ मध्ये स्टार टीव्ही आणि १९९२ मध्ये झी टीव्ही आपल्याकडं आलं. त्या उपग्रहाची गोष्ट मला फार आवडते आणि ती काकांना माहीतच नव्हती, म्हणून तिथंच गोठ्याजवळ उभं राहून सांगितली. तो मुळात अमेरिकेचा वेस्टार ६. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून सोडला पण त्याचं पुढचं इंजिन नीट पेटलं नाही, भलत्याच खालच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यान गेलं, अंतराळवीरांनी तो बाहेर जाऊन धरला आणि परत जमिनीवर आणला. मग दुरुस्त करून विकला आणि एप्रिल १९९० मध्ये चीनच्या रॉकेटवरून परत वर पाठवला. म्हणजे गावात आम्ही ज्याच्या जिवावर क्रिकेट बघितलं तो वापरलेला, दुरुस्त केलेला माल होता. काका बराच वेळ डिशवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "मग ही पन दुरुस्त होईल की."

११ फेब्रुवारी, रविवार

होकायंत्रावर माझा विश्वास नाही, म्हणजे होकायंत्र बरोबरच असतं पण गच्चीच्या स्लॅबमध्ये सळ्या, बाजूला लोखंडी टाकीचा स्टँड, सुई कुठंही ओढली जाते. दोन ठिकाणी ठेवून बघितलं, नऊ अंशाचा फरक. म्हणून सूर्यावरून रेघ मारली.

पद्धत सोपी आहे. आपल्या घड्याळातले बारा म्हणजे ८२.५ अंश रेखांशावरचे बारा. आपण त्याच्या ८.२५ अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३३ मिनिटं उशीर. त्यात फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य अजून १४ मिनिटं मागं असतो. एकूण १२ वाजून ४७ मिनिटांनी सूर्य बरोबर दक्षिणेला. गच्चीच्या मधोमध तिपाई ठेवली, तिला ओळंबा लटकवला, वारा लागू नये म्हणून पोरगी पोत्याचा आडोसा धरून उभी. १२.४७ ला दोऱ्याची सावली पडली तिच्यावर दोन ठिकाणी खडूनं खुणा आणि मग लाल रंगाच्या सुतानं रेघ. ही झाली उत्तर-दक्षिण. आता या रेघेवर दक्षिणेकडं एक मीटर मोजायचं, तिथून काटकोनात पश्चिमेकडं साडेचौतीस सेंटीमीटर, आणि मूळ बिंदूपासून तिथं रेघ ओढली की ती १९ अंशाची रेघ. ऑइलपेंटनं पक्की केली. आबा खुर्ची टाकून बघत होते, म्हणाले तालमीत हौदा आखताना वस्ताद असंच सुतळीनं आखायचे.

१३ फेब्रुवारी

डिशचा आकार बघणं हे काम बरेच जण सोडून देतात आणि मग महिनाभर सिग्नल शोधत बसतात. चारही पाकळ्या जोडून डिश अंगणात उताणी ठेवली आणि काठावरून काठावर दोन सुतळ्या आडव्या-उभ्या ताणून बांधल्या. डिशचा काठ सपाट असेल तर मधोमध दोन्ही सुतळ्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. माझ्यात दोन बोटं अंतर होतं. म्हणजे काठ पापडासारखा वळलेला. सगळे बोल्ट अर्धे सैल केले, वर गेलेल्या दोन बाजूंवर भरलेल्या पाण्याच्या घागरी ठेवल्या, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी बोल्ट एकेक करून समोरासमोरचे आवळले. आता दोन सुतळ्यांमध्ये बाजरीचा दाणा कसाबसा जातो. बास.

जाळी तीन ठिकाणी फाटली होती. भोक लाटेच्या दहाव्या हिश्शापेक्षा लहान असलं की लाटेला ते भोक दिसतच नाही, म्हणजे साडेसात मिलिमीटरच्या आत पाहिजे. खिडकीची ॲल्युमिनियमची मच्छरजाळी कापून पॅच मारले, कडेला बारीक तारेनं शिवले.

व्यास २४४ सेंटीमीटर, खोली ४० सेंटीमीटर. व्यासाचा वर्ग भागिले खोलीच्या सोळा पट. उत्तर ९३, हा डिशचा फोकस. एलएनबीचं तोंड तळापासून ९३ सेंटीमीटरवर पाहिजे. तिन्ही पाय मोजले, एक पाय सव्वा सेंटीमीटर जास्त लांब निघाला, वॉशर काढून सारखा केला.

१९ फेब्रुवारी, शिवजयंती

सुट्टी, म्हणून चार हात मिळाले. स्टँड फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून आणला, तीन इंची पाइप, खाली नऊ एमएमची प्लेट, चार फास्टनर स्लॅबमध्ये नाही तर खालच्या बीमवर मारले, हे महत्त्वाचं कारण वळवाचं वारं सुटलं की आठ फुटी डिश जाळीची असली तरी पतंगासारखी ओढ घेते. पाइप ओळंब्यात आणायला दीड तास गेला. चारही बाजूंनी लेव्हल लावून पत्र्याच्या बारीक पट्ट्या प्लेटखाली सारल्या. पाइप वाकडा असेल तर पुढचं सगळं माप खोटं.

डिश वर चढवायला पाच जण लागले. आबा खालून सांगत होते, "उचलताना कंबर न्हाई, मांड्या लावा." दुपारी बसली. मागच्या प्लेटवर सुताराचा कोनमापक आणि ओळंबा बांधून ६९ अंश केले, पाइपवर फिरवून लाल रेघेत आणली. चहाच्या वेळेला सगळे गच्चीवरच.

२२ फेब्रुवारी

दुकान बंद करून रात्री जोडणी. आरजी-६ केबल २२ मीटर, सी बँडचा एलएनबी, एक एचडी बॉक्स. बॉक्समध्ये एलएनबीची फ्रिक्वेन्सी ५१५० घातली. सी बँडचं हे वेगळेपण आहे, ५१५० मधून वरून आलेली फ्रिक्वेन्सी वजा होते आणि उरलेली केबलमधून खाली येते, म्हणजे ४००० ची ११५० होऊन येते. आडवी लाट घ्यायला बॉक्स १८ व्होल्ट पाठवतो, उभीला १३.

बॉक्सनं शॉर्ट दाखवलं. कनेक्टर उघडला तर केबलच्या जाळीची एकच तार, केसाएवढी, मधल्या तांब्याला टेकलेली. परत सोलून घातलं. मीटरनं एलएनबीच्या टोकाला १७.६ व्होल्ट आले. पण सिग्नल नाही. ताकद दाखवतो, म्हणजे काहीतरी आत येतंय, पण क्वालिटी, म्हणजे त्यातला वाचता येण्यासारखा सिग्नल, शून्य. अकरा वाजले, आईनं खालून हाक मारली, उतरलो.

२५ फेब्रुवारी, रविवार

टीव्हीच गच्चीवर नेला, वर ओल्या पोत्याची सावली केली. सकाळी आठपासून.

आधी कागदावर लिहून घेतलं होतं की अशी डिश साधारण दोन अंशाचीच पट्टी बघते. काठावर मोजलं तर एक अंश म्हणजे साधारण दोन सेंटीमीटर. म्हणून उंचीचा आटेवाला रॉड एका वेळी अर्धा फेरा फिरवायचा, मग डिश डावीकडून उजवीकडं हळू फिरवायची, परत अर्धा फेरा. साडेनऊला क्वालिटीचा पट्टा एकदम हिरवा झाला आणि स्कॅन केल्यावर चॅनल आले, सगळे दक्षिणेतले. पोरगी नाचायला लागली. पण मला कळलं की हा शेजारचा, ६६ अंशावरचा इंटेलसॅट १७. आकाशात दोघांत अडीच अंश पण आमच्या इथून दोघंही जवळजवळ डोक्यावर, त्यामुळं पाइपवर डिश अडीच नाही, सात अंश फिरवायला लागते. उंची फक्त एक अंशानं वाढवायची. हे आधी गणितात दिसलं होतं पण हातानं फिरवल्यावर खरं समजलं.

म्हणजे माझी डिश सात अंश पश्चिमेला कशी गेली? लाल रेघ बरोबर होती. डिशच्या मागच्या पट्टीच्या काठावरून मी नेम धरत होतो आणि ती पट्टी मध्यावर नाहीच, बाजूला वेल्ड केलेली आहे. मधल्या प्लेटवरून ओळंबा सोडला, परत रेघेत आणलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ६८.५. बहुतेक चॅनल लॉकवाले, आणि त्यांच्यात एनएचके वर्ल्ड! चित्र येतंय, चौकोन चौकोन होतंय, आवाज तुटतोय, पण टोकियोच्या बातम्या आमच्या गच्चीवर. एलएनबी आधी एका बाजूला फिरवला, क्वालिटी पडली, मग दुसऱ्या बाजूला १८ अंश, ४१ वरून ५२. आबांना वर बोलावलं. जिना चढायला त्यांना वेळ लागतो, दोन ठिकाणी थांबून आले, आणि तेवढ्यात चित्र गेलं. काही न बोलता स्क्रीनसमोर उभे राहिले थोडा वेळ. मग म्हणाले, "हुईल."

२८ फेब्रुवारी

तीन रात्री तेच. कधी ५२, कधी शून्य. फोकस परत मोजला, केबल बदलून बघितली, दुसरा बॉक्स लावला. आज एक गोष्ट लक्षात आली, डिश मुद्दाम भलतीकडं फिरवली तरी ताकदीचा आकडा ९५ च्या खाली येत नाही. म्हणजे एलएनबी उपग्रहाचं नाही, दुसऱ्याच कशाचं तरी पोटभर खातोय.

शाळेपलीकडं नवा मोबाईल टॉवर झालाय, इथून अंदाजे सहाशे मीटर. फाइव्ह जी. आपल्याकडं फाइव्ह जीला ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झचा पट्टा दिलाय, आणि माझा एलएनबी जुन्या धाटणीचा, ३,४०० ते ४,२०० सगळंच आत घेणारा. उपग्रहाचा आवाज म्हणजे छत्तीस हजार किलोमीटरवरून आलेली कुजबुज आणि हा टॉवर शेजारी लावलेला लाऊडस्पीकर, एलएनबीचा पहिलाच अँप्लिफायर त्यात बुडून जातो. पुढं बॉक्समध्ये काहीही केलं तरी उपयोग नाही.

खात्री करायला गोठ्यावरचा एक सहा फुटी पत्रा आणला आणि टॉवरच्या बाजूनं एलएनबीच्या आडवा धरला. मी शिडीवर, पोरगी आकडे ओरडून सांगतेय. शून्य, शून्य, ३०, ४८, ५५! पत्रा बाजूला केला की परत शून्य. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. चोर सापडला.

टॉवरवर राग नाही, गावाला त्याची गरज होती, पोरांचे अभ्यास होतात. पण सी बँड लावणाऱ्यानं आता पहिल्यांदा गच्चीवरून चारी बाजूला टॉवर बघावेत, मग पैसे घालावेत.

४ मार्च

फक्त ३,७०० ते ४,२०० घेणारा, आत फिल्टर असलेला एलएनबी मागवला होता तो आज आला, ९५० रुपये. कंदिलाच्या काचेसारखा जपून वर नेला. लावल्या लावल्या ताकद ९५ वरून ७१ वर उतरली आणि क्वालिटी ६६. आकडा कमी झाला आणि मला इतका आनंद झाला. रॉड पाव फेरा वर, पाव फेरा खाली, एलएनबी दोन मिलिमीटर आत, परत थोडा फिरवला. ७४ वर थांबलो. काठाला हात लावून डिश जराशी वर दाबली तर ७२, खाली ओढली तर ७२, डावी-उजवीकडं पण तेच. चारही बाजूंना सारखंच पडतंय म्हणजे बरोबर मध्यावर आहे. सगळे बोल्ट आवळले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पेंटची रेघ मारली, सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल.

६ मार्च

किरकोळ पण सोडू नये असं. कनेक्टरवर आधी रबर टेप मग साधी टेप, खालून वर गुंडाळत, म्हणजे पाणी ओघळून जातं. केबलला घरात शिरायच्या आधी खाली झोळ दिला, पाणी तिथून टपकेल. पाइपला अर्थिंग, जाड तांब्याची तार सरळ खाली वेगळ्या खड्ड्यात. बॉक्सच्या रिमोटवर लागणाऱ्या तीन बटणांना पोरीनं नेलपॉलिशचे ठिपके लावले. लाल म्हणजे चालू, बाकी दोन आवाजाचे. बॉक्स सुरू झाला की एनएचकेच लागतं असं करून ठेवलंय.

१० मार्च, रविवार

पहिला दिवस. आबा आंघोळ करून, फेटा नाही पण स्वच्छ पटका बांधून बसले. सोबत तालमीतले त्यांचे दोन जुने सोबती, एक शिराळ्याकडचे, आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेले. कार्यक्रम लागला आणि पहिल्यांदा दिसलं ते वर्तुळ, भाताच्या पेंढ्याच्या वळकट्या मातीत पुरून केलेलं, ४.५५ मीटरचं. पैलवान आला, मूठभर मीठ उडवलं. तिघंही एकदम गप्प. मग शिराळ्याचे अण्णा म्हणाले, "माती पवित्र करत्यात." आपण हौद्यात हळद, लिंबू, ताक, तेल घालतो, कपाळाला माती लावून उतरतो, त्यांना कुणी समजावून सांगायला लागलं नाही. समालोचन इंग्रजी. त्याची गरजच पडली नाही, कोण कुठल्या हातानं कंबरपट्टा धरतोय, कुणाचं वजन टाचेवर गेलंय हे तिघं आधीच सांगत होते, आणि बहुतेक वेळा बरोबर.

क्वालिटी पूर्ण वेळ ७३-७४.

१२ मार्च

दुपारी दुकानात आईचा फोन, टीव्ही बंद पडला. मी गाडी काढून निघालो तर रस्त्यात परत फोन, आला म्हणून. विचारलं किती वाजता गेला, म्हणाली एकच्या पुढं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मार्चच्या या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो. आपण उत्तरेला असल्यामुळं २१ मार्चच्या आधी आठवडाभर, आणि आमच्या जागेचं गणित केलं तर १ वाजून १० मिनिटांच्या आसपास. सूर्य स्वतःच सगळ्या फ्रिक्वेन्सीवर इतका गोंगाट करतो की त्यात उपग्रह ऐकू येत नाही. बिघाड नाही, कुठल्याही डिशवर होतं.

१३ मार्च

आज मुद्दाम जेवायला घरी आलो आणि एक वाजता गच्चीवर गेलो. उन्हानं स्लॅब तापलेला. एलएनबीची सावली जाळीवरून हळूहळू मधल्या गोल प्लेटकडं सरकत होती. १ वाजून ७ मिनिटांनी सावलीचा काठ प्लेटला लागला, खालून पोरीनं ओरडून सांगितलं चौकोन दिसायला लागले. १.१० ला एलएनबीच्या रिंगची सावली बरोबर प्लेटवर बसली, बरणीवर झाकण बसावं तशी, आणि खाली स्क्रीन काळी. १.१३ ला सावली पलीकडं उतरायला लागली आणि चित्र परत.

खडूनं आखलेली रेघ, कोनमापक, रॉडचे अर्धे फेरे, सगळ्याची तपासणी आज सूर्यानं करून दिली. पोरीला वर बोलावून दाखवलं. तिनं विचारलं उपग्रह आत्ता सूर्याच्या पुढं आहे का. हो, बरोबर त्या रेघेत. डोळ्यांवर हात धरून ती बघायला लागली तेव्हा तिला आधी खाली मान घालायला लावलं.

१७ मार्च

नोंदण्यासारखं काम नाही. तेरुनोफुजीनं मध्येच स्पर्धेतून माघार घेतली, आबा दोन दिवस जरा उदास. पण त्याच्याच तालमीतला, ते तिला हेया म्हणतात, एक नवा पोरगा ताकेरुफुजी, वय २४, वरच्या गटातली त्याची पहिलीच स्पर्धा, आणि अजून एकही हरलेला नाही. आठ झाल्या. आबांनी त्याला मनात धरलंय. "सुरवातीची उसळी बग त्येची, समोरच्याला हात घालू देत न्हाई."

२१ मार्च

अकरा सलग जिंकला होता, आज बाराव्या दिवशी होशोर्यूनं पाडला. आबा म्हणाले बरं झालं, हरायचं शेवटच्या दिवसावर राहिलं असतं तर वाईट.

रात्री वारं सुटलं. टॉर्च घेऊन वर गेलो, बोल्टवरच्या पेंटच्या रेघा सगळ्या शाबूत. डिश मात्र गुणगुणत होती.

२३ मार्च

ताकेरुफुजी आज हरला आणि त्याचा उजवा घोटा गेला. उठून चालता येईना, चाकाच्या खुर्चीवरून नेला. आबांनी टीव्ही बंद केला. जेवले नाहीत नीट. त्यांचा गुडघा गेला त्या दिवशी ते कुठल्या मैदानात होते, कुणासमोर होते, हे आज पहिल्यांदा सांगितलं त्यांनी, म्हणजे आईला माहीत होतं, मला नव्हतं. ते इथं लिहीत नाही.

२४ मार्च, होळी

पुरणपोळीचं जेवण करून सगळे बसलो. शिराळ्याचे अण्णा परत आलेत. घोट्याला पट्टी बांधून पोरगा उतरला. समोर गोनोयामा. आबा खुर्चीच्या कडेला आलेले, दोन्ही पाय जमिनीत रोवून, जणू उठणारच आहेत. पोरानं समोरच्याला रेटत रेटत काठावर नेलं आणि पाडलं. १३ जिंकल्या, २ हरल्या, आणि विजेतेपद. वरच्या गटात पहिल्यांदाच उतरून जिंकणारा ११० वर्षांत कुणी झाला नव्हता, त्याआधीचा १९१४ सालचा.

आबा टाळ्या वाजवत नाहीत, मैदानातसुद्धा नाही. उठले, जिन्यापाशी गेले आणि मला म्हणाले वर घेऊन चल. एक हात माझ्या खांद्यावर, एक कठड्यावर, दोन ठिकाणी थांबून वर आलो. खाली शेतात होळीची लाकडं रचलेली दिसत होती. डिशच्या काठाला हात लावला त्यांनी, मग पाइपला, हलतोय का बघितलं.

"पावसाळ्यात टिकल का?"

तीन बाजूंनी ताणाच्या तारा मारायच्यात म्हटलं, मे महिन्याच्या आधी.

"बारा मेला पुढची हाय," आबा म्हणाले. अण्णांनी त्यांना तारीख सांगून ठेवली होती.

तारा आठ एमएमच्या, टर्नबकल तीन, बीमवर हुक तीन. उद्या धुळवड आहे, परवा आणतो.